तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तकातला डोंगर टेबलावर कसा उभा करायचा?

गिर्यारोहणावरचं पुस्तक आवडलं, त्यावर हाताने केलेली छोटी ॲनिमेशन फिल्म करायची आहे, सुरुवात कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे. अख्खं पुस्तक घेऊ नका, एक परिच्छेद घ्या. एकच माणूस एकाच जागेवरून बघतोय, असा.

उदाहरणार्थ 8 जून 1924. एव्हरेस्टवर सुमारे 26,000 फुटांवर ब्रिटिश मोहिमेतला गिर्यारोहक नोएल ओडेल उभा आहे. दुपारी 12.50 ला ढग फाटतात. वर धारेवर एक काळा ठिपका हलतो, मागून दुसरा. पहिला खडकाच्या पायरीशी, म्हणजे धारेवरच्या उभ्या टप्प्याशी, पोचून वर चढतो आणि सगळं पुन्हा ढगात जातं. ते ठिपके म्हणजे शिखराकडे निघालेले त्याचे साथीदार, मॅलरी आणि अर्विन. ते त्यानंतर कुणाला जिवंत दिसले नाहीत. धारेवरच्या अशा पायऱ्यांपैकी ती नेमकी कोणती, यावर पुढे खुद्द ओडेलही डळमळला.

खरी अडचण इथे आहे. लिहिताना ‘धारेवर कुठेतरी’ खपून जातं. चित्रात ठिपका एका जागी ठेवावाच लागतो. म्हणून धारेचा बराचसा भाग ढगातच ठेवायचा, पायऱ्या मोजता येऊ नयेत इतका. आणि कॅमेरा ओडेलच्या जागेवरून हलवायचा नाही. मॅलरीचा चेहरा जवळून दाखवलात की तो नेमका कुठे होता, याचा निकाल तुम्हीच दिलात.

डोंगरासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वॉटरकलर कागद करड्या-निळ्या रंगात रंगवून हाताने फाडा. दोन तुकड्यांपैकी ज्याला पांढरी कड येते तो ठेवा. ती कड म्हणजेच बर्फ. कात्रीने कापलेली धार कागदाचीच दिसते. हा डोंगर टेबलावर आडवा ठेवा, कॅमेरा वरून खाली रोखलेला. डोंगरावर 5 मिमी जाडीची काच, तिच्यावर 10-10 सेंमी अंतराने आणखी दोन. वरच्या दोन काचांवर फाडलेल्या ट्रेसिंग पेपरचे ढग. कापूस नको, त्याचे तंतू काचेला चिकटतात आणि दर फोटोत थरथरतात.

ठिपके 2 मिमीचे, काळ्या कार्डपेपरचे, खालच्या काचेवर व्हॅसलिनच्या पुसट बोटाने टेकवलेले. पंखा बंद. चौकट 40 सेंमी रुंद आणि फिल्म 1920 पिक्सेलची असेल तर 1 मिमी म्हणजे जेमतेम 5 पिक्सेल. सुईच्या टोकाने अर्ध्या मिमीहून कमी सरकवणं हाताला जमत नाही, आणि दर फोटोला अर्धा मिमी सरकवलात तर गिर्यारोहक मुंग्यांसारखे पळतात. म्हणून एकदा सरकवा आणि 12 ते 18 फोटो थांबा. थांबे सारखे नकोत. त्या उंचीवर पावलागणिक दम खावा लागतो, तो या थांब्यांतूनच दिसतो. तेवढ्या वेळात ढग मात्र हलते हवेत, नाहीतर फिल्म अडकली असं वाटतं.

सेकंदाला 12 फोटो धरले तर 40 सेकंदांना 480. फोटोला एक मिनिट, म्हणजे आठ तास. एका बैठकीत संपवा. रात्रभरात कागद दमट हवेने फुगतो आणि सकाळी डोंगर उडी मारतो. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा, शटर 1/25 सेकंद ठेवा, पडदे ओढा. अंगात काळे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत दिसतो.

निवेदन शूटिंगआधीच ध्वनिमुद्रित करा, पण ओडेलची वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. तो 1987 मध्ये वारला, त्यामुळे भारतात त्याच्या लेखनावरचा हक्क अजून जिवंत आहे. घटना सगळ्यांची, शब्द त्याचे.

ढग मिटल्यावर आणखी 36 फोटो ढग हलवत राहा. ठिपके मात्र तेव्हाच चिमट्याने उचलून घ्या. ट्रेसिंगमधून ते पुसट दिसत राहतात.