बुडणारा दाणा

‘साहेब, खाद्य बुडतंय. तुमचं किड्यांचं पीठ आमच्या गळ्यात मारू नका.’ जानेवारीत भल्या सकाळी जुन्नरकडून फोन. धरणात पंगस माशांचे पिंजरे टाकलेले अण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. चिडले की मला ‘साहेब’ म्हणतात.

मी माशांच्या खाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता बघतो. २०२३मध्ये पेरू देशानं अँचोव्ही या छोट्या माशांच्या मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला, त्यांच्यापासून बनणाऱ्या फिशमीलचे, म्हणजे माशांच्या पिठाचे, भाव भडकले, आणि आम्ही थोड्या फिशमीलऐवजी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचं पीठ घालू लागलो. भाजीच्या कचऱ्यावर पोसलेल्या अळ्या म्हटल्यावर अण्णांनी तेव्हाही नाक मुरडलं होतं. मासे मात्र आवडीनं खात होते.

पिंजऱ्यावर पोचल्यावर त्यांनी बोलता बोलता मूठभर दाणे टाकले. निम्मे बघता बघता खाली गेले. थंडीत पंगस आधीच कमी खातो. दाणा तरंगला नाही तर त्यानं किती खाल्लं कळत नाही आणि पैसे जाळीतून तळाला जातात. मी एक दाणा कागदात दाबला. तेलाचा डाग उमटला.

कारखान्यात परतून नव्या लॉटची पोती उघडली. पीठ मुठीत दाबलं की लाडू वळत होता, शिवणीशी पांढरट थर. या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर, म्हणून ती थंडीत खोबरेलासारखी थिजते. आधीचा माल तेल काढलेला यायचा. हा अख्ख्या अळ्यांचा होता; त्यात साधारण तिसरा हिस्सा चरबीच असते. दाणे पाडणाऱ्या यंत्रात, एक्स्ट्रुडरमध्ये, दाबानं स्टार्च शिजतो, डायच्या भोकांमधून बाहेर पडताना वाफ सुटून दाणा फुलतो. चरबी वाढली की माल आतून नुसता घसरतो, दाब बसत नाही आणि दाणा घट्टच राहतो.

पुरवठादाराच्या कागदावर प्रथिनांचा आकडा तेवढा ठळक. तोही मी कमी धरूनच वाचतो, कारण प्रथिनं नायट्रोजन मोजून, त्याला गुणून काढतात; अळीच्या कायटिनमध्येही, म्हणजे कवचातही, नायट्रोजन असतो, नेहमीच्या ६.२५नं गुणलं की प्रथिनं फुगतात, ४.७६ धरलेलं बरं. चरबीचा रकाना मात्र त्यात नव्हताच. पोती परत पाठवली. आता तो आकडा आल्याशिवाय गाडी खाली होत नाही.

तेल काढलेल्या पिठाचं खाद्य घेऊन गेलो तेव्हा अण्णांनी आधी बादलीत दाणे टाकले आणि निवांत चहा घेतला. चहा संपला तरी दाणे वरच होते.

‘ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘पण मागच्या पोत्यांचे पैसे बिलातून वजा केलेत ना?’