फॉर्म बी घेण्याआधी पाणी बघायचं ठरवलं

आमची ठाण्यातली चौदा मजली सोसायटी. सेक्रेटरी झाले तेव्हा फाइलमध्ये फॉर्म बी तारीखवार लावलेले होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावं लागतं. ही जबाबदारी सोसायटीची.

जुलैसाठी एजन्सीचा माणूस आला, तेव्हा मी गच्चीवरच्या हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाला, होज पाइप लावून पाणी दाखवायला सांगितलं. "मॅडम, प्रेशर आहेच, उगाच पाणी वाया जाईल." मी हटले नाही. पंपरूम उघडली, तर पॅनेलवर मेन, जॉकी आणि डिझेल या तिन्ही पंपांचे स्विच 'ऑफ'वर. वॉचमन म्हणाला, "जॉकी पंप रात्रभर चालू-बंद व्हायचा, लोक ओरडायचे, म्हणून बंद ठेवलाय." जॉकी पंप म्हणजे पाइपातला दाब कायम राखणारा छोटा पंप. तो सारखा चालू होतो, कारण पाइपात दाब टिकत नाही, कुठेतरी गळती असते. आमच्याकडे ती जमिनीखालच्या लाइनमध्ये निघाली. शिवाय काही मजल्यांवरच्या होज बॉक्समधली पितळी नोझल गायब होती. अशा यंत्रणेवर 'चालू' असा शिक्का मारला जात होता, याचा मला संताप आला आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या एजन्सीकडून सर्व्हे करून घेतला, कोटेशनं मागवली आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. खर्चाचा आकडा ऐकून कुरकुर झालीच. "इतक्या वर्षांत कुठे काय झालं?" असं एक काका म्हणाले. जानेवारी 2022 मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीत लागलेल्या आगीत माणसं गेली, ती बातमी सगळ्यांच्या लक्षात होती. मी सभेला एवढंच विचारलं, की आपल्या गल्लीत दुतर्फा गाड्या उभ्या असताना उंच शिडीची गाडी वळेल का? नाही वळणार. मग जवान जिन्याने वर येऊन आपल्याच लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे मजल्यावरच्या पाण्याच्या तोटीला, होज जोडणार, आणि तिथे पाणी नसेल तर? दुरुस्ती निधीतून खर्च मंजूर झाला.

पाइपाचं काम पैसे देऊन झालं. इलेक्ट्रिक डक्टचं, म्हणजे विजेच्या केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, जास्त अवघड गेलं. त्यात रद्दी, जुने बूट, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, रंगाचे डबे. डक्ट खालपासून वरपर्यंत उघडी असली, तर एका मीटरच्या ठिणगीचा धूर चिमणीतून जावा तसा थेट वरच्या मजल्यांवर जातो. म्हणून प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी केबलभोवतीची फट आग न पकडणाऱ्या मटेरियलने बुजवून घेतली. जिन्यातल्या सायकली हलवायला मात्र दारोदार जावं लागलं. काहीजणांशी अजून बोलणं नीट नाही, तरी जिना मोकळा आहे.

शेवटी टेस्ट. समितीचे सगळे गच्चीवर, खाली पंपरूममध्ये वॉचमन. व्हॉल्व्ह उघडला तसा दाब उतरला, मेन पंप आपोआप सुरू झाला आणि होज फुगून हातात तट्ट ताणली गेली. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा साडेतीन किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर थांबला. फॉर्म बीवर मी त्यानंतरच सोसायटीची सही केली.

आता दर शनिवारी वॉचमन पंप चालवून वहीत नोंद करतो आणि समितीतलं कोणीतरी तिथे हजर राहून सही करतं. पॅनेलचे स्विच 'ऑटो'वर असतात. डिझेल पंपाची बॅटरी जानेवारीच्या आधी बदलायची आहे, तिचं कोटेशन मागवलंय.