आज भात गरम, ताक गार

स्मरणिकेसाठी चार ओळी द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला तेव्हा जरा अवघडलो. शाळेच्या अमृतमहोत्सवात, तिसरीपर्यंत वाचता न येणाऱ्या पोराची गोष्ट शोभेल का? पण बाईंनी ती लपवली नसती, म्हणून लिहितो. (बाईंचं नाव घालत नाही. आपल्या गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की पुरतं.)

खानापूर तालुक्यात असतं तसंच आपलं गाव. पाऊस बेताचा, रान माळाचं, म्हणून घरटी एक माणूस गलाईला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची दुकानं. कुणाचा बाप दिल्लीला, कुणाचा चुलता कोलकात्याला. माझे आण्णा केरळात त्रिचूरला, म्हणजे आताच्या त्रिशूरला. महिन्याकाठी त्यांचं एक निळं आंतरदेशीय पत्र यायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, आईची शाळा शेण्या थापण्यात गेली. पत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

अडचण एवढीच, की मलाही वाचता येत नव्हतं.

वर्गात हे कुणाला कळलं नव्हतं. तिसरी-चौथी एकाच खोलीत. एकानं धडा म्हणायचा, बाकीच्यांनी मागून ओढायचा. चार दिवसांत तोंडपाठ. मग चित्रावरून पान ओळखायचं आणि ओळींवर बोट फिरवत घडाघडा म्हणायचं. पत्राचंही तसंच. ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडे सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे,’ ही सुरुवात ठरलेली. पुढे मी थोडा पाऊस घालायचो, थोडी धंद्याची मंदी, शेवटी ‘बाळाला नवी चड्डी घेणे’. आजी पदरानं डोळे पुसायची.

१९८५च्या दिवाळीआधीच्या पत्रातही मी असाच पाऊस पाडला. आठ-दहा दिवसांनी आण्णा अचानक दारात. अचानक आम्हाला, त्यांनी कळवलेलंच होतं. “आये, अजून आवरलं न्हाईस? उद्या मिरजंला डोळं दाखवायला जायचं म्हणून लिवलं हुतं की.”

“आरं, तू तर पाऊस लई हाय म्हणून लिवलं हुतंस.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी उखळाकडे.

आण्णांनी हात उगारला नाही. मिरजेहून आल्यावर पत्रासकट मला शाळेत नेलं. बाईंनी ऐकून घेतलं, एका पुठ्ठ्याला मधोमध करंगळीच्या पेराएवढी खिडकी कापली आणि पुठ्ठा माझ्या तोंडपाठ धड्यावर ठेवला. एका वेळी एकच शब्द दिसे. चित्र नाही, मागचं-पुढचं काही नाही. मला एकही येईना. “ह्याचं पाठांतर फार चांगलं,” बाई आण्णांना म्हणाल्या, “त्यात मीच फसले.” चूक त्यांनी स्वतःकडे घेतली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

मग त्याच पुठ्ठ्यानं आणखी तिघं पकडले. रोज मधल्या सुट्टीत चिंचेखाली आमचं पुन्हा गमभन सुरू झालं. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व शेजारीशेजारी मांडायचे, धुळीत गिरवायचे. ‘ख’ तर मला कायम ‘रव’ दिसायचा.

बाईंनी त्रिचूरला पत्र टाकलं. घरच्या मजकुराखाली मुलासाठी दोन ओळी वेगळ्या लिहा, मोठ्या अक्षरात, आणि शिकवून झालेल्या अक्षरांच्याच. सोबत अक्षरांची यादी. आण्णा सातवी शिकलेले; भट्टीपाशी बसून अशी वाक्यं जुळवताना त्यांना घाम फुटला असणार. पहिली ओळ आली: ‘आज भात गरम. ताक गार.’

मी वाचली. आजी म्हणाली, “येवढंच?”

एवढंच होतं. पण ते खरं होतं.

पुढे उकार झाले आणि ‘दुकान’ आलं. जोडाक्षरं मात्र लांब होती, त्यामुळे दिवसभर भट्टीपाशी बसणाऱ्या माणसाला कित्येक महिने मला ‘भट्टी’ लिहायची मुभा नव्हती. सगळ्यात छळलं ‘र’नं. प्रवासात एक, ट्रकमध्ये दुसरा, वर्गात डोक्यावर चढलेला, दुसऱ्यात तिसराच. बाईंनी रफार शेवटी ठेवला. एका पत्रात आण्णांनी ‘मार्च’ लिहून खोडलं होतं आणि वर घातलं होतं, ‘होळीला येतो’. तो खोडलेला शब्द मी उजेडाकडे धरून लावायचा प्रयत्न केला. नाही लागला.

आता गलाईवाल्यांचे व्हिडिओ कॉल येतात. पोरं बापाचं तोंड बघतात, हे चांगलंच. पण बापाच्या हातचं अक्षर किती जणांनी पाहिलंय, असं आपल्याच चौथीत परवा विचारलं तेव्हा दोन हात वर झाले.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवाळीतच झालं. दिसायला लागल्यावर ती माझ्या बोटाकडे नीट बघत बसायची. आणि सकाळी वाचलेलं पत्र दिवेलागणीला पुन्हा वाचायला लावायची, सकाळचंच येतंय का ते बघायला. मी विट्याला हायस्कूलला गेलो, दहावी झालो, तरी आण्णांचं प्रत्येक पत्र आमच्या घरी दोनदा वाचलं जायचं.

— एक माजी विद्यार्थी (चौथी उत्तीर्ण, १९८७)