आधी चार्जर बघा, मग सोल्डरिंग आयर्न

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शाळांमध्ये मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला जाते तेव्हा तिथले शिक्षक, पालक, कधी घरचे सोलर दिवे स्वतःच उघडून बसणारे शेतकरी, सगळे मला एकच विचारतात: "मॅडम, ते यूएसबीवर चालणारं छोटं सोल्डरिंग आयर्न घ्यायचंय. स्वस्तातलं कोणतं घेऊ? मोबाईलच्या चार्जरवर चालेल ना?"

सोल्डरिंग आयर्न म्हणजे सोल्डर नावाची मऊ धातूची तार वितळवून वायरी आणि पार्ट जोडायचं तापणारं अवजार. या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी शेवटाकडून सुरू करते. चालवणार कशावर, ते आधी ठरवा. घरात कोणता चार्जर आहे, कोणती पॉवर बँक आहे, ते बघितल्याशिवाय आयर्न निवडू नका. चांगलं आयर्न चुकीच्या चार्जरला लावलं की ते साध्या आयर्नपेक्षाही वाईट चालतं. मग शिकणाऱ्या मुलाला वाटतं, आपल्यालाच सोल्डर करता येत नाही. ते मला सहन होत नाही, म्हणून एवढं सविस्तर सांगते.

बाजारात यूएसबी आयर्नच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. खोक्यावरची 'इनपुट' ही ओळ वाचली की फरक कळतो. पहिल्या जातीवर लिहिलेलं असतं ५ व्होल्ट, ८ वॉट. हे पेनसारखं हलकं आयर्न. याच्या शेपटीला हेडफोनसारखी गोल पिन जाते आणि केबलचं दुसरं टोक यूएसबीत. मुठीवरच्या बटणाला बोट लावलं की तापतं, थोडा वेळ हलवलं नाही की आपोआप बंद होतं. ८ वॉट म्हणजे ५ व्होल्टवर साधारण १.६ अँपिअर. म्हणून याला ५ व्होल्ट २ अँपिअरचा साधा अडॅप्टर हवा. कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावू नका. जुना यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर देतो, ३.० चा ०.९. आयर्न नीट तापणार नाही आणि पोर्टवर विनाकारण ताण येईल. आणखी एक गोष्ट: ती गोल पिन आत जाताना क्षणभर आतले दोन संपर्क एकमेकांना टेकवू शकते. त्यामुळे आधी पिन आयर्नमध्ये पूर्ण बसवा, मगच यूएसबी अडॅप्टरला लावा. काढताना उलट क्रमाने.

या ८ वॉटच्या आयर्नने इअरफोनची बारीक वायर जोडता येते, एलईडीचे पाय जोडता येतात. अडचण येते ती बोर्डाच्या ग्राउंडच्या पिनेशी. एका शाळेत आठवीतली एक मुलगी सेन्सरच्या बोर्डाला पिना लावत होती. तीन पिना सुरेख बसल्या, सोल्डर चकचकीत पसरलं. चौथी ग्राउंडची. तिथे तिने बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, टेकवलं, सोल्डर लावलं, आणि ते पिनेवर गोळ्यासारखं उभंच राहिलं, खालच्या तांब्यावर उतरेना. ग्राउंडची पिन बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या थराला जोडलेली असते. आयर्न जेवढी उष्णता देतं तेवढी तो थर ओढून नेतो. तिने आणखी दाबलं, आणखी वेळ धरलं. सोल्डर राखाडी, दाणेदार झालं आणि पॅडची, म्हणजे पिनेभोवतीच्या तांब्याच्या ठिपक्याची, कड उचलली गेली. तिचा हात उत्तम होता. आयर्नमध्ये दमच नव्हता. म्हणून ज्यांचं बजेट या ८ वॉटच्या आयर्नपुरतंच आहे त्यांना मी स्पष्ट सांगते की घरात प्लग असेल तर त्याच पैशांच्या आसपास मिळणारं २५ वॉटचं साधं, मेनवर, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारं आयर्न घ्या. सोल्ड्रॉनचं २५ वॉट कितीतरी दुरुस्तीच्या दुकानांत वर्षानुवर्षं तापलेलं दिसेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतं, त्याची बिटंही मिळतात.

आता दुसरी जात, जिच्यासाठी यूएसबी आयर्न घेण्यात खरी मजा आहे. ही टाइप-सी ची, पीडी म्हणजे 'पॉवर डिलिव्हरी'वर चालणारी. यात चार्जर आणि आयर्न आपसात बोलून किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात. पाइन६४ चं पाइनसिल, मिनिवेअरची टीएस८०पी आणि टीएस१०१, आणि त्यांच्यासारखी दिसणारी आता बरीच. यांना छोटा पडदा असतो, तापमान ठरवता येतं, टेबलावर ठेवलं की झोपतात, उचललं की जागी होतात. काही सेकंदांत कामाला तयार. पाइनसिलची मूळ किंमत २६ डॉलरच्या आसपास, भारतात येईपर्यंत वाढते. तरी तापमान नियंत्रण असलेल्या टेबलावरच्या स्टेशनच्या मानाने परवडतं.

इथे मात्र खोक्यावरचा वॉटचा आकडा लोकांना फसवतो. ६५ वॉट, ८८ वॉट असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आयर्नचं बिट म्हणजे आत एक हीटर, एक ठरावीक रोध (रेझिस्टन्स). पाइनसिलच्या लांब बिटाचा रोध सुमारे ८ ओहम. शाळेतलं सूत्र वापरा: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. २० व्होल्ट मिळाले तर ५० वॉट. १५ ला २८ वॉट. १२ ला १८. ९ व्होल्टला जेमतेम १०. आणि ५ व्होल्टच मिळाले तर ३ वॉट, म्हणजे त्या स्वस्त पेनपेक्षाही कमी. आयर्न तेच, बिट तेच. सगळा फरक चार्जर किती व्होल्ट देतो त्याचा. आखूड बिटं साधारण ६.२ ओहमची असतात. ती २० व्होल्टवर ६४ वॉटपर्यंत जातात, म्हणून ती मला जास्त आवडतात. टीएस८०पी चं बिट तर साडेचार ओहमच्या आसपास आहे, त्यामुळे ते ९ व्होल्टवरही १८ वॉट ओढतं. घरात फक्त साधी, ९ व्होल्ट देणारी पॉवर बँक असेल तर ते जमून जातं, पण त्याला पैसे जास्त मोजावे लागतात.

म्हणून चार्जर उलटा करा आणि बारीक अक्षरांतली 'आउटपुट'ची ओळ वाचा. चष्मा लागत असेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. तिथे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असं लिहिलेलं असेल तर हा ६५ वॉटचा खरा पीडी चार्जर. हवा तो हाच. टाइप-सी लॅपटॉपबरोबर येणारा ६५ वॉटचा अडॅप्टर याच कुळातला, म्हणजे पुष्कळ घरांत तो आधीपासूनच आहे. ४५ वॉटचा असेल तर बहुतेक वेळा आयर्न १५ व्होल्टवरच चालेल. बारीक कामाला तेही पुरतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा फोनच्या चार्जरचा होतो. चार्जरवर ६७ वॉट किंवा ८० वॉट लिहिलेलं, म्हणून लोक विश्वासाने आयर्न जोडतात. पण बऱ्याच फोन कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. तो चार्जर आपल्याच फोनशी, आपल्याच केबलमधून बोलतो. समोर दुसरं काही आलं की निमूटपणे ५ व्होल्टवर येतो. आयर्नचा पडदा उजळतो, आकडे दिसतात, तापमान मात्र चढतच नाही, आणि माणूस आयर्न परत पाठवायला निघतो. चार्जरला चौकोनी मोठा, म्हणजे टाइप-ए पोर्ट असेल तर पीडी मिळणारच नाही, कारण पीडीची बोलणी टाइप-सी च्या वेगळ्या तारेवरून होतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेलीच केबल हवी. ३ अँपिअरच्या चांगल्या केबलमधून ६० वॉटपर्यंत जातं. त्यापुढे केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असलेली, ५ अँपिअरची केबल लागते. शक्य असेल तर सिलिकॉनची घ्या. ती मऊ असते, हाताला ओढत नाही, आणि तापलेलं बिट चुकून टेकलं तरी साध्या प्लास्टिकसारखी वितळून आतल्या तारा उघड्या पडत नाहीत. माझ्या दृष्टीने हा चैनीचा खर्च नाही, सुरक्षिततेचाच भाग आहे.

पॉवर बँकेचंही तसंच. आपल्याकडे जास्त खपते ती २२.५ वॉटची. ती पीडीवर ९ किंवा १२ व्होल्ट देते, ८ ओहमच्या बिटाला हे कमी पडतं. ६५ वॉटची, २० व्होल्ट देणारी पॉवर बँक असेल तर गच्चीवर, शेतात, गाडीच्या बॉनेटवर कुठेही काम करा. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. बिट तापलेलं ठेवायला सतत ५० वॉट लागत नाहीत, सुरुवातीला आणि जोडाला टेकवतानाच जास्त लागतात, त्यामुळे एका चार्जमध्ये भरपूर काम निघतं. आयर्न झोपलं की काही पॉवर बँका 'कोणी काही घेत नाहीये' असं समजून बंद होतात. पाइनसिलवरच्या आयर्नओएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून थोडा करंट ओढून तिला जागं ठेवायची सोय आहे. मेनूत शोधा. त्याच मेनूत सविस्तर पडदा चालू केलात तर येणारे व्होल्ट थेट दिसतात. नवीन चार्जर लावल्यावर मी आधी तोच आकडा बघते.

सोलरची १२ व्होल्टची बॅटरी असलेल्यांसाठी एक चांगली बातमी: पाइनसिलला गोल डीसी पिनेचीही जागा आहे. चार्ज झालेल्या बॅटरीवर १८-२० वॉट मिळतात, दिव्यांच्या वायरींना पुरतात. बॅटरीच्या प्लसजवळच ५ अँपिअरचा फ्यूज घाला, तो टाळू नका. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होईपर्यंत करंट देते. आणि डीसी पिन व टाइप-सी दोन्ही एकाच वेळी कधीही जोडू नका.

आता विजेच्या धोक्याचं. व्होल्ट कमी म्हणून आयर्न निर्धोक, असं धरून चालू नका. धोका मेन आणि आयर्न यांच्या मध्ये बसलेल्या चार्जरमधून येतो. बाजारात फुटपाथवर मिळणाऱ्या, वजनाला हलक्या, बिननावाच्या चार्जरमध्ये मेन आणि आउटपुट यांच्यातलं अंतर नीट राखलेलं असेलच याची खात्री नसते. भारतात अडॅप्टर आणि पॉवर बँक यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. 'आर-'ने सुरू होणारा क्रमांक त्यावर छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. एका मिनिटाचं काम आहे, जरूर करा.

चांगल्या चार्जरवरही कधी आयर्नच्या धातूच्या भागाला हात लागला की हलकी झिणझिण जाणवते, टेस्टर लावला तर मंद पेटतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेनच्या बाजूकडून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडी गळती होते. माणसाला त्याने सहसा काही होत नाही, पण मॉसफेट, सेन्सर यांसारखे नाजूक भाग मरू शकतात. तीन पिनांचा लॅपटॉप अडॅप्टर वापरला आणि घरातलं अर्थिंग खरोखर जोडलेलं असलं, तर ही तक्रार बहुधा जाते. पॉवर बँकेवर, ती स्वतः चार्जिंगला नसताना, हा प्रश्नच येत नाही. म्हणून नाजूक बोर्डांसाठी मी पॉवर बँकच काढते. झिणझिण नसून सणसणीत झटका बसला तर मात्र तो चार्जर पुन्हा वापरू नका, दुसऱ्या कोणाला देऊही नका.

ज्यावर काम करताय ते मेनपासून, बॅटरीपासून सोडवलेलं असलंच पाहिजे. टीव्ही किंवा एलईडी बल्बच्या सर्किटमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतो, तो रिकामा झाल्याचं मीटरने बघितल्याशिवाय बिट टेकवू नका. आणि लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने आतला पातळ पडदा खराब होतो आणि सेल पेट घेऊ शकतो. ज्या सेलना आधीच पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात ते घ्या आणि सोल्डर पट्टीवर करा.

सोल्डर ६०/४० चं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेलं असेल तर ते १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं. आयर्न ३२० वर ठेवा, बिनशिशाच्या सोल्डरला ३५० वर. ४०० वर नेऊन ठेवलं तर बिट लवकर काळं पडतं आणि मग सोल्डर धरत नाही. काम झालं की बिटावर थोडं ताजं सोल्डर लावून बंद करा. जो धूर दिसतो तो फ्लक्सचा, म्हणजे राळेचा. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, पण राळेचा धूर छातीला त्रास देतो. खिडकी उघडी ठेवा, डोकं जोडाच्या थेट वर धरू नका. शिसं पोटात जातं ते हातांवरून, म्हणून मुलांना साबणाने हात धुवायला लावा, आणि सोल्डरची वायर तोंडात धरू देऊ नका.

इतकं करून थेट नाव हवं असेल तर: घरात ६५ वॉटचा पीडी अडॅप्टर आहे, तर पाइनसिल घ्या, सोबत छिन्नीसारखं चपटं बिट मागवा. बरोबर येणारं टोकदार बिट दिसायला बारीक कामाचं वाटतं, पण त्याचा जोडाला फार कमी भाग टेकतो. असा अडॅप्टर नसेल तर त्याचे पैसे आयर्नच्या किमतीत धरूनच हिशेब करा. तेवढं जमत नसेल तर आज २५ वॉटचं मेनचं आयर्न घ्या आणि शिका. आणि कोणतंही घेतलंत तरी पत्र्याचं जड स्टँड त्याच दिवशी घ्या. ही यूएसबी आयर्न इतकी हलकी असतात की केबल जरा ओढली गेली तरी टेबलावरून थेट मांडीवर येतात.