नऊ जण, आणि तेही आजन्म

इथे अमेरिकेत जून लागला की ऑफिसात सकाळी दहाच्या सुमारास लोक फोनकडे डोळे लावून बसतात. वाट बघायची ती सुप्रीम कोर्टाच्या निकालांची. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू झालेलं कोर्टाचं वर्ष जूनअखेर आवरत येतं आणि सगळ्यात गाजणारे निकाल बहुधा शेवटच्या दिवसांत बाहेर पडतात. गर्भपाताचा निकाल असाच २४ जून २०२२ ला आला. १९७३ पासून देशभर असलेला हक्क एका सकाळी गेला आणि विषय एकेका राज्याच्या हाती गेला. संसदेत मतदान नाही, निवडणूक नाही.

माझी आत्या नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नोकरीला होती. तिने तेव्हा फोनवर विचारलं, "अगं, पण किती न्यायाधीश आहेत तुमच्याकडे?" नऊ म्हटल्यावर ती गप्पच झाली. आपल्याकडे मंजूर पदं चौतीस, आणि बहुतेक प्रकरणं दोघा-तिघांच्या खंडपीठापुढे चालतात. इथे १८६९ पासून नऊच, आणि सगळे एकत्र बसतात. आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी निवृत्ती, इथे निवृत्तीचं वयच नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजुरी देतं, मग स्वतःहून सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत खुर्ची त्यांची. त्यामुळे न्यायाधीशाचं आजारपण ही इथे राजकीय बातमी असते. न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला वारल्या आणि २६ ऑक्टोबरला, निवडणूक आठवड्यावर आलेली असताना, त्यांच्या जागी एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर शिक्कामोर्तबही झालं. मला विचाराल तर आजन्म नेमणूक हे अतीच आहे. अर्थात निवृत्तीनंतर कुठलं पद मिळेल याकडे डोळा ठेवण्याचा प्रश्न इथे उद्भवत नाही, हेही खरं.

वॉशिंग्टनला गेलात तर सुनावणी जरूर बघा. आत मोबाइल नाही, कॅमेरा नाही. लाल मखमली पडदे, आणि वकिलांच्या टेबलांवर पांढऱ्या पिसांच्या लेखण्या, ज्या त्यांनी आठवण म्हणून घरी न्यायच्या. वकील न्यायाधीशांच्या अगदी पुढ्यात उभा राहतो. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास, आणि सुरुवातीची दोनेक मिनिटं सोडली तर नुसता प्रश्नांचा भडिमार. खरी खलबतं मात्र बंद खोलीत होतात. तिथे नऊ जणांखेरीज कोणालाही प्रवेश नाही, ना कारकुनाला ना शिपायाला. दार वाजलं तर सगळ्यात नवा न्यायाधीश उठून उघडतो. एलिना केगन यांनी २०१० ते २०१७ हे काम केलं. आत्याला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

एवढा अधिकार आला कुठून? कायदा रद्द करण्याची ताकद राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेलीच नाही. १८०३ साली मारबरी खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ती कोर्टाकडे घेतली, आणि मोठ्या हुशारीने. संसदेच्या कायद्याचं एक कलम घटनाबाह्य ठरवलं, पण निकाल असा दिला की सरकारला पाळायला काही हुकूमच उरला नाही. मग धुडकावणार काय? कोर्टाकडे ना फौज, ना तिजोरी. १९५४ ला शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, तरी १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना सोडायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं.

आपल्या लोकांनीही या कोर्टाचा हिसका अनुभवला आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात कोर्टाने एकमताने सांगितलं की नागरिकत्वाच्या कायद्यातल्या अर्थाने भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताना आपल्याच वाड्यातलं वाटतं, जन्म मात्र अहमदाबादचा. पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक. निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते लढले, खालच्या कोर्टांत जिंकले, आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. दरवर्षी हजारो अर्ज येतात, त्यांतले साठ-सत्तर ऐकले जातात, बाकीच्यांत खालचा निकाल कायम. पंडितांना तो नकार पावला.

थिंद निकाल कोर्टाने पुढे कधी बदलला नाही. तो साध्या कायद्याच्या अर्थावर बेतलेला होता, म्हणून संसदेला १९४६ मध्ये नवा कायदा करून भारतीयांना दार उघडता आलं. निकाल घटनेच्या अर्थावर असता तर घटनादुरुस्ती लागली असती: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि तीन चतुर्थांश राज्यांची संमती. नाहीतर कोर्टाचंच मन बदलण्याची वाट बघायची.