आग्रहाचं वेळापत्रक

इंदुरात एखादा माणूस शनिवारी रात्री आठला जेवून नऊला झोपायला निघाला, की घरातलं कोणीतरी त्याच्या कपाळाला हात लावून बघतं. सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली येऊन ओट्यांवर कढया चढायची ही वेळ. त्यातून थंडी असेल तर गराडू! कोनफळासारखा कंद, तळलेला, वर मसाला, वरून लिंबू. मॅरेथॉनच्या सरावातला मोठा अडथळा म्हणून इतर गावांतले लोक गुडघ्याचं नाव घेतात. इंदूरकर गराडूचं घेतात.

खरं तर दोष पंचांगाचा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीची शर्यत धरून सरावाचे १८ आठवडे मागे मोजत गेलं की बोट सप्टेंबरअखेरीवर टेकतं. नवरात्र, कोजागिरी, दिवाळीचा फराळ, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी माणसांची लग्नं आणि संक्रांत, सगळं सरावाच्या पोटात. आणि आपल्या घरांत माया मोजायचं माप एकच, आग्रह. "घे रे, एवढं धावतोस की!" हा आग्रह बंद करा असं कोणी म्हणणार नाही, म्हटलं तरी ऐकणार कोण? त्याच्या वेळा तेवढ्या बदलायला हव्यात.

शनिवारचंच घ्या. रविवारच्या लांब पल्ल्याआधी ताटात वरणभात, बटाट्याची भाजी, फार तर चमचाभर तूप, एवढंच असावं. मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर एरवी गुणाची. त्या रात्री नको. धावताना रक्त पायांकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, त्यात दोन-तीन तास हिसके. अशा पोटात चोथा असला की सुपर कॉरिडॉरच्या त्या सरळसोट रस्त्यावर आडोसा शोधत फिरावं लागतं. तळलेलं तर पोटातून पुढे सरकायलाच वेळ लावतं. म्हणजे गराडू खायचाच असेल तर मंगळवारी खा, गराडूला वाराचं बंधन नाही.

निघण्याआधी पाऊण-एक तास एक केळं, नाहीतर दोन पाव आणि मध. पोहेही चालतात, वाफेवरचे, कमी तेलाचे. शेव मात्र धावून आल्यावर. आता पहाटे सव्वाचारला पोहे करणार कोण, हा प्रश्न मुलगा धावत असेल तर कोणाला पडतच नाही. सून धावत असेल तर लगेच पडतो, आणि सोबत दुसराही: रविवारचा नाश्ता साडेनऊपर्यंत अडून राहणार का? घराचा पाठिंबा आहे की नाही ते इथे कळतं. सासूबाईंनी "छान हो, धाव तू" म्हणण्यापेक्षा नवऱ्याने आदल्या रात्री कांदा चिरून ठेवला तर ती जास्त किलोमीटर धावते.

३२ किलोमीटर, किलोमीटरला सात मिनिटं धरली, तर पावणेचार तास होतात. पाचला निघालेली व्यक्ती पावणेनऊला संपवणार, आणि जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात. अंधार, कुत्री, भरधाव ट्रक, सोबत लागतेच. भाऊ मोठ्या उत्साहाने स्कूटर काढतो. पुढे राहिला तर धूर नाकात, मागे राहिला तर हेडलाइटने धावणाराचीच सावली पुढच्या खड्ड्यावर पडते. सायकल बरी, पण ताशी साडेआठ किलोमीटरने सायकल चालवणं ही तपश्चर्या आहे, हँडल डुगडुगतं. तरी सायकलच घ्यावी. कॅरिअरला पाणी, खिशात सुटे पैसे आणि घरातल्या एकाकडे फोनचं लाइव्ह लोकेशन. ज्याला एवढं जमत नाही त्याने चौथ्या-पाचव्या किलोमीटरवर एका जागी थांबावं; पाच किलोमीटरच्या फेऱ्या घातल्या की बाटली आपोआप परत परत भेटते.

बुटांच्या बाबतीत घरची माया सर्वांत जास्त नुकसान करते. घामाने भिजलेले बूट आई वॉशिंग मशीनमध्ये टाकते, मग गच्चीवर कडक उन्हात. एकाने तळव्याचा फोम बिघडतो, दुसऱ्याने डिंक सुटतो. इनसोल काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, सावलीत ठेवायचे. बस. आणि बाबांचं "अजून नवे तर दिसतात"! बूट वरून नवेच दिसतात. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळवा आतून बसलेला असतो, ते पोटरीला आणि नडगीला आधी कळतं.

आता पाणी. इथे मात्र आग्रह खरोखर अंगाशी येऊ शकतो. "पाणी पी, पाणी पी" हे आपल्याकडे आशीर्वादासारखं म्हटलं जातं. तहान लागेल तसं, साधारण वीस मिनिटांनी १०० ते १५० मिली पुष्कळ. पाच तास रमतगमत धावणाराने दर वळणावर ग्लासच्या ग्लास रिचवले तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यांत धावून वजन वाढलेल्यांचा भरणा होता. म्हणून लांब पल्ल्याआधी आणि नंतर काट्यावर उभं राहावं. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोटं सुजून अंगठी घट्ट झालीय, बोलण्यात विसंगती आहे, अशा वेळी आणखी साधं पाणी पाजू नये, डॉक्टरकडे न्यावं. दुखण्यावरची आयबुप्रोफेनची गोळीही धावण्याआधी किंवा धावताना देऊ नये, पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर तिचा भार पडतो. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवावं. "जरा घट्ट कर, ताकद येईल" या हिशेबाने पोट बिघडतं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

शर्यतीच्या दिवशी सगळं गणगोत शेवटच्या कमानीपाशी फोन उंच धरून उभं असतं. तिथे धावणाराला कोणाची गरजच नसते, कमान दिसली की मेलेलाही पळतो. गरज असते २८ ते ३४ किलोमीटरच्या मधे, जिथे साठवलेली साखर संपत येते. पावणेसात मिनिटांच्या गतीने ३० वा किलोमीटर ३ तास २२ मिनिटांनी येतो. पाचला सुटला असेल तर सव्वाआठलाच तिथे उभं असावं. रस्ते बंद असणार, म्हणून गल्लीतून चालत. केळं अर्धं सोललेलं, खजुराच्या बिया काढलेल्या, बाटलीचं झाकण सैल. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साखर-पिष्ट, लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. चिक्की नको, कोरड्या तोंडात ती चघळत बसावी लागते. सरावात न खाल्लेलं काहीच नको, मावशीने खास केलेला लाडूसुद्धा. हात लांब करून द्यायचं, मिठी मारायची नाही. आणि "आता थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. १२ किलोमीटर राहिलेत, अजून दीड तास. त्याला हिशेब येतो. नुसतं नाव घेऊन ओरडलं तरी पुरतं. "भिया, चालू दे!" हेही चालतं, भिया म्हणजे इंदुरी भाऊ.

संपल्यावर लगेच बसू देऊ नये, दहा मिनिटं चालवावं. ओला बनियन बदलून कोरडा, अंगावर शाल, ऊन असलं तरी. घाम वाऱ्यावर वाळताना हुडहुडी भरते. पायांना जोर लावून तेल रगडणाऱ्या आत्यांना त्या दिवशी दूर ठेवावं. घरी पाट मांडू नये, खुर्ची द्यावी. जिना दोन दिवस उलटा उतरावा लागतो. आणि पोटात मळमळ नसेल तर मग काढा ते पोहे. शेव आता घाला, जीरावन मसाला नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त, घामातून मीठ गेलेलं असतं. सोबत जिलबी. दुसरी प्लेट हवी का म्हणून विचारत बसू नका, सरळ वाढा.