मचाणाची करकर सापडली: दोष वायसरचा नव्हताच

हरणाच्या शिकारीसाठी झाडाला बांधायच्या मचाणाचा आवाज सापडला. तीन आठवडे त्याच्या मागे होतो. तो बैठकीच्या बिजागरीत नव्हता, वायरदोराच्या कडीत नव्हता, फलाटाच्या सांध्यातही नव्हता. तो होता झाडाभोवतीच्या पट्ट्यात. मागच्या नोंदीत 'वायसर बदला, प्रश्न मिटेल' असं ठासून लिहिलं होतं, ते विधान मागे. वायसर बदलून फायदा झाला, पण दुखणं दुसरीकडेच होतं.

मांडणी तीच आहे: अ‍ॅल्युमिनियमचं १४ पाउंडांचं हँग-ऑन (पट्ट्याने झाडाला आवळायचं मचाण: खांब, बैठक आणि पाय ठेवायचा फलाट), ३२ इंची चार स्टिक (चढायला झाडाला बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्या), लाइनमन्स बेल्ट (चढताना झाडाभोवती घ्यायचा दोर) आणि टेदर (अंगावरचे सुरक्षापट्टे झाडाशी जोडणारा दोर). जागा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गेम लँडवरची (शिकारीसाठी राखलेली सरकारी जमीन), ओकच्या उताराची. झाड रेड ओक, छातीच्या उंचीला १३ इंच व्यासाचं, फलाट जमिनीपासून १७ फुटांवर. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू झाला आणि संपलाही. आता डोळा नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुन्या धाटणीची बंदूक) हंगामावर आहे. तेव्हा थंडी याहून कडक असणार, म्हणून आवाजाचा निकाल आताच लावायचा होता.

आवाजाचं वर्णन पुन्हा एकदा: पारा शून्याखाली असताना वजन टाचेवरून चवड्यावर नेलं की एकच 'कर्र'. पुन्हा तसंच केलं तर येत नाही, पाचेक मिनिटं स्थिर बसून हललं की पुन्हा येतो. दुपारी पारा ८-१० अंशांवर गेला की चिडीचूप. वारा नसलेल्या गोठलेल्या पहाटे असा आवाज चाळीस यार्डांवरच्या हरणीला पुरेसा होतो. ती मान वर करते, पुढचा खूर एकदा आपटते, शेपटीचा पांढरा झेंडा दाखवते आणि सकाळ संपते.

पहिला संशय आकुंचनावर होता: अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आखडतात, म्हणून सांधे ढिले पडत असावेत. हिशोब मांडल्यावर त्यातली हवाच गेली. मीटरमागे दर अंशाला अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन आखडतं, पोलाद १२. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या अंतरात २५ अंशांच्या फरकाने पडणारी तफावत ०.०८ मिलिमीटर. बोल्टच्या भोकात याच्या कितीतरी पट मोकळीक मुळातच असते.

दुसरा संशय सांध्यांवर. तपासायची पद्धत गॅरेजवाल्यांची: लांब पेचकसाचं टोक सांध्याला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि दुसऱ्याने फलाटावर हळूहळू वजन सरकवायचं. मचाण अंगणातल्या झाडाला दोन फुटांवर बांधलेलं, म्हणजे ऐकणाऱ्याला गुडघ्यावर बसता येतं. बैठकीच्या बिजागरीतले नायलॉनचे वायसर एका बाजूने झिजून कागदासारखे पातळ झालेले सापडले, आणि त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम थेट बोल्टच्या डोक्यावर घासत होतं. तिथे आता यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनचे (एक चिवट, गुळगुळीत प्लास्टिक) वायसर आहेत, प्रत्येक बाजूला एक. हा पदार्थ थंडीतही निसरडा राहतो आणि वंगण लागत नाही. ग्रीस मुद्दाम लावलं नाही: थंडीत ते घट्ट होतं, आणि त्याचा वास हरणाला आपल्याआधी कळतो. नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कडीमुळे आपोआप न सुटणारा) आवळताना बैठक स्वतःच्या वजनाने अगदी हळू खाली यावी इतकंच आवळायचं. त्याहून जास्त आवळलं तर नवा वायसरही कुरकुरतो.

वायरदोराला मात्र हात लावला नाही. त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची, टेप गुंडाळायचा, असले सल्ले फिरत असतात. दोर झाकला की आतला गंज दिसत नाही, आणि फलाटाचा सगळा भार त्या दोन दोरांवरच असतो. प्लास्टिकच्या वेष्टणाला चीर दिसली तर दोर उत्पादकाकडूनच मागवावा.

एवढं केल्यावर अंगणात उणे ६ अंशांनाही मचाण मुकं. डोंगरावर नेऊन बांधलं, दोन रात्री ठेवलं, तिसऱ्या पहाटे पुन्हा कर्र!

इथे डोकं जवळजवळ फिरलं होतं, पण उत्तरही याच फरकात दडलेलं होतं. अंगणातला पट्टा कोरडा होता आणि त्याच संध्याकाळी आवळलेला होता. डोंगरावरच्या पट्ट्याने एक पाऊस खाल्ला होता आणि मग तो गोठला होता. अंगणात बागेच्या नळीने पट्टा निथळेपर्यंत भिजवला आणि रात्रभर तसाच सोडला. सकाळी उणे ५ ला टाचेवरून चवड्यावर वजन नेलं, आणि आला आवाज. पेचकस पट्ट्याला टेकवल्यावर शंकाच उरली नाही. गोठून काठीसारखा झालेला पट्टा सालीच्या खवल्यांवरून केसभर सरकत होता, आणि खांबाचे वरचे दात सालीतून उचलून पुन्हा बसत होते. एकदा सरकला की काही मिनिटं गप्प राहतो, मग पुन्हा ताण साठतो. पाच मिनिटांच्या त्या विचित्र खंडाचाही उलगडा झाला.

पण नीट आवळलेला पट्टा मुळात सरकेलच का? मूळचा पट्टा दोन हंगाम झाल्यावर बदलायचा, म्हणून मागच्या वर्षी बदलला होता. उत्पादकाकडे तेव्हा शिल्लक नव्हता, म्हणून एका दुकानातून तेवढ्याच रुंदीचा, तेवढ्याच वजनाला चालणारा घेतला. लेबलवर भारमर्यादा ठळक छापलेली, पण पट्टा कशाचा आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. मूळचा होता पॉलिएस्टरचा, हा निघाला नायलॉनचा. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की ताणाखाली लांबतो. पॉलिएस्टर पाण्याला जवळजवळ दाद देत नाही. पावसात पट्टा लांबला, पकड ढिली झाली, आणि तशा ढिल्या अवस्थेतच तो गोठला.

मोजून पाहिलं. दोन्ही पट्ट्यांचे एक-एक मीटरचे तुकडे, गॅरेजच्या तुळईला टांगलेले, खाली पाणी मऊ करायच्या मिठाच्या ४० पाउंडांच्या दोन पिशव्या. कोरडा नायलॉन १४ मिलिमीटर लांबला, रात्रभर भिजवलेला ३१. पॉलिएस्टर दोन्ही वेळा ६. ही गॅरेजातली मोजणी आहे, प्रयोगशाळेतली नव्हे. पण १३ इंची झाडाभोवती मीटरभर पट्टा लागतो हे लक्षात घेतलं, तर दीड-दोन सेंटिमीटरची ढिलाई म्हणजे कॅम-ओव्हरचा, फलाट खाली दाबून पट्टा ताठ करायच्या युक्तीचा, बोऱ्याच.

कॅम-ओव्हर अनेक जण अर्धवटच करतात, म्हणून क्रम लिहितो. फलाट वर दुमडलेला ठेवून खांब झाडाला टेकवायचा. पट्टा खांबामागच्या बटणावरून घेऊन हाताने जमेल तितका आवळायचा. मग फलाट खाली उघडायचा, पण पूर्ण नाही, आडव्यापासून हातभर वर असतानाच थांबायचं आणि पट्टा आणखी आवळायचा. आता फलाट दोन्ही हातांनी, शेवटी पायाच्या दाबाने, खाली ढकलायचा. फलाट तरफेसारखा काम करतो, खालचे दात सालीत घुसतात, वरचा पट्टा तारेसारखा ताठ होतो. शेवटच्या टप्प्याला जोर लागलाच पाहिजे. फलाट लोण्यासारखा खाली आला तर सोडून पुन्हा पहिल्यापासून. झाल्यावर फलाटाच्या डाव्या-उजव्या टोकांना बाजूने हिसका द्यायचा. खांब जराही फिरता कामा नये. पकड गेलेलं मचाण उभ्या भाराला टिकतं, पण कडेवर पाय पडला की बाजूला सटकतं. आवाज ही त्याची आगाऊ सूचना होती आणि तीन आठवडे ती वायसरच्या नावावर खपली.

हे सगळं करताना लाइनमन्स बेल्ट झाडाभोवती आणि टेदर डोक्याच्या वर, बसल्यावर त्यात झोल राहणार नाही इतका उंच. टेदरवरची प्रुसिकची गाठ (हाताने सरकते, भार आला की आवळते) चढताना हाताने वर सरकवत राहायची. बहुतेक माणसं पडतात ती चढताना, उतरताना किंवा स्टिकवरून फलाटावर पाय टाकताना. म्हणून वरच्या स्टिकची शेवटची पायरी फलाटाच्या थोडी वर हवी: फलाटावर उतरायचं, चढायचं नाही. हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षापट्ट्यांना) पाय टेकवायचा फास असतो, तो खिशात नको, हाताशी हवा. लटकून राहिलं की मांडीच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि वेळ फार थोडा असतो.

नायलॉन की पॉलिएस्टर हे ओळखायची घरगुती युक्ती सापडली, आणि या नोंदीतली सगळ्यात आवडती गोष्ट तीच. पट्ट्याच्या मोकळ्या शेपटीचे चार धागे कापा. पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, १०० मिलिलिटरला साधारण ३५ ग्रॅम जातं. धागे त्यात बुडवून बोटांनी चोळा म्हणजे अडकलेली हवा निघेल, मग सोडा. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता सुमारे १.२, नायलॉनची १.१४, पॉलिएस्टरची १.३८. नायलॉन वर येतो, पॉलिएस्टर तळ गाठतो. साध्या पाण्यातही तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, तो सामान बांधायलाच ठेवा.

आता निकाल. उत्पादकाचा पॉलिएस्टर पट्टा आला, किंमत दुकानातल्याच्या अडीचपट. तरी यापुढे तोच. पट्टा आवळायच्या रॅचेटच्या दांड्यावर हॉकी स्टिकचा कापडी टेप दोन वेढे, म्हणजे बोट लागलं तरी खणखणत नाही. डोंगरावर एक पाऊस, एक हिमवर्षाव, मग उणे ८ आणि उणे ९ अशा दोन पहाटा. टाच, चवडा, बसणं, उठणं, बैठक दुमडणं: काही नाही. दुसऱ्या पहाटे एक चिकडी (इवलासा पक्षी) फलाटाच्या कडेवर येऊन बसली, बुटापासून फूटभर अंतरावर, आणि वजन बदललं तरी उडाली नाही. याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं?

झाडाबद्दल थोडं, कारण पट्टा बदलूनही झाड चुकीचं असेल तर करकर राहील. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यासारखी सुटते, दात सालीत बसतात आणि साल खोडावरून हलते. बीच गुळगुळीत, तिथे पट्टा ओला असताना जास्त सरकतो. अ‍ॅशवर तर चढूच नका, हिरवी पालवी दिसली तरी. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा झाड पोखरणारा किडा २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, तेव्हापासून बहुतेक अ‍ॅश मेले किंवा मरणपंथाला लागले आहेत, आणि मेलेला अ‍ॅश सूचना न देता मोडतो. रेड ओक, मेपल ठीक. स्क्रूच्या पायऱ्या गेम लँडवर चालत नाहीत, झाडाला इजा करायला बंदी आहे. मचाणावर नाव-पत्ता किंवा सीआयडी क्रमांकाची (शिकार परवान्यावरचा ओळख क्रमांक) पट्टी हवी, आणि हरणांचा शेवटचा हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांत ते उतरवायला हवं.

(मचाण हा शब्द वापरतो कारण 'स्टँड' म्हटलं की एसटीचंच आठवतं. गावाकडे राखणीसाठी शेतात बांधतात तो माळा, आणि बुद्धपौर्णिमेला ताडोबा-मेळघाटात पाणवठ्याशी प्राणी मोजायला बसतात ते मचाण. तिकडे शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ही सगळी खटपट फक्त इकडची.)

पुढचा बेत सॅडलचा (मचाणाऐवजी दोराने झाडाला लटकून बसायची झोळी) होता. पट्टे नकोत, दोरच बरा, असं दोन दिवस पक्कं वाटत होतं. स्टिकचे पट्टे काढून डायनीमाचे (अतिशय मजबूत पॉलिथिलीन धागा) दोर लावायचे असंही ठरत आलं होतं. डायनीमा पाणी पीत नाही आणि ताणाखाली जवळजवळ लांबत नाही. पण तो इतका निसरडा आहे की साध्या गाठी सुटतात, टोक दोराच्याच पोटात ओवून घ्यावं लागतं, आणि १५० अंशांच्या आसपास वितळत असल्याने घासण्याच्या उष्णतेला तो नाजूक. प्रुसिकसाठी तर नकोच. बैठकीच्या मचाणाचा प्रश्न सुटल्यावर सॅडलची घाईही उरली नाही. फ्लिंटलॉक घेऊन झाडाला लोंबकळत पॅनमधली (ठिणगी पडते त्या वाटीतली) बंदुकीची दारू कोरडी ठेवणं हा वेगळाच ताप आहे. फलाटावर मांडी तरी असते. बंदूक सामान ओढायच्या दोरीनेच वर, पॅन रिकामं, नळीचं तोंड जमिनीकडे.

म्हणून शनिवारी नेहमीच्या सवयीप्रमाणे सरळ चढायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं: चारही स्टिकचे पट्टे कुठून आले होते? दोन मूळचे, दोन त्याच दुकानातले, त्याच खेपेला घेतलेले. स्टिकला कॅम-ओव्हर नसला तरी पकड पट्ट्याचीच, आणि तिथे तर दोन्ही पाय एका बाजूच्या पायरीवर असतात. चार पेले, चार शेपट्या, मीठ घातलं. पहिली आणि दुसरी तळाशी गेली. तिसरीही बुडाली, म्हणजे दुकानातल्या दोनांतला एक पॉलिएस्टर! एकाच खेपेत दोन वेगळे पट्टे, लेबल मात्र हुबेहूब.

चौथी शेपटी अजून तरंगतेय. तीनदा चोळून झाली, हवा नाही. ती सगळ्यात वरच्या स्टिकची आहे, फलाटावर पाय टाकण्याआधीची. शनिवारचं चढणं रद्द, पट्टा मागवला.